चार टक्के

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून.
लग्न आम्ही कोव्नोतच उरकून आलो होतो.
बांधायचं राहू द्या,
व्हाइटचॅपलमध्ये नुसतं भाड्याने मागून पाहा.

पहिल्या मालकाने पागडी घेतली,
दोन पौंड, किल्लीचे.
किल्ली हातात आली तेव्हा कळलं
दाराला कुलूपच नाही.
त्या खोलीत भिंतीवरून पाणी उतरायचं
आणि फायवेल म्हणायचा, हिंडे, बघ, घरात नळ आला.
आम्ही हसायचो.
मग धाकटा खोकायला लागायचा.

मग ही इमारत उठली. सहा मजले, पिवळी वीट,
लोखंडी कठड्याचे जिने, मधे फरसबंदी अंगण
जिथे ऊन बारा ते साडेबारा मुक्कामाला येतं.
आपल्याच धर्माच्या श्रीमंतांनी बांधली,
ज्यांचे पणजोबा असेच बोटीतून उतरले होते
आणि जे आता बोट लागली की नाकाला रुमाल लावतात.
त्यांनी ठरवलं: नफा चारच टक्के घ्यायचा.
जास्त घेतला तर धंदा,
काहीच नाही घेतला तर आम्ही भिकारी.
मधे कुठेतरी, तीनच्या वर आणि पाचच्या खाली,
माणुसकी राहते,
आठवड्याला सव्वापाच शिलिंग.

नावं ठेवत नाही मी. खोटं का बोलू?
पहिल्या रात्री मी नळ सोडला आणि बंद केला,
सोडला आणि बंद केला,
पलीकडून श्प्रिंत्सेने भिंतीवर थाप मारली तोवर.

दारामागे नियमांचा कागद.
वर इंग्रजीत, खाली यिद्दिशमध्ये,
म्हणजे कळलं नाही म्हणायची सोय नाही.
भिंतीत खिळा ठोकू नये.
जिन्यात गाद्या झटकू नयेत.
रात्री दहानंतर शिवणयंत्र चालवू नये.
पोटभाडेकरू ठेवू नये.

पोटभाडेकरू!
माझ्याकडे तेव्हा तीन होते:
दोघं पोटाला बिलगून झोपायचे,
तिसरा अजून आतच होता.

फेब्रुवारीत गोदीवरून एक मुलगी आली,
ब्रोखे, सतरा वर्षांची.
हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्या माहेरचं गाव,
बाकीची अक्षरं समुद्राने खाल्लेली.
मी तिला ओळखत नव्हते.
शालीची गाठ ओळखली:
आमच्याकडच्या बायका तशी मारतात, डाव्या खांद्यावर.

शुक्रवारी दुपारी, पीठ फुगत ठेवलेलं,
लिंडोसाहेब भाड्याची वही घेऊन आले.
शेगडीपुढे अंथरूण, अंथरुणात ब्रोखे.
ही कोण?
बहीण.
मागच्या तपासणीत बहीण नव्हती.
मागच्या तपासणीत ती बोटीत होती, साहेब.

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली,
खिडकीबाहेर पाहिलं, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं,
आणि लिहिलं: बहीण, एक.

त्या हिवाळ्यात आमच्या जिन्यावर
सगळ्यांनाच बहिणी झाल्या.
श्प्रिंत्सेला तीन, त्यातल्या एकीला दाढी.
चौथ्या मजल्यावरच्या बहिऱ्या झाल्मनला
एक मिन्स्कची, एक ओडेसाची,
एकीची भाषा दुसरीला कळेना.
लिंडोसाहेब लिहीत राहिले,
पेन्सिल आखूड होत गेली.

वसंतात कंपनीने त्यांना काढलं.
का, ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही;
आम्ही सगळे त्या दिवशी फार कामात होतो.
नवे साहेब काही विचारत नाहीत.
बशा मोजतात.

ब्रोखे लीड्सला गेली, काजं करायच्या कामावर.
एक पत्र आलं, मग नाही.
तिने दारामागे, नियमांच्या कागदाच्या बरोबर वर,
शाल टांगायला खिळा ठोकला होता,
मला न विचारता.
नव्या साहेबांनी तो हेरला. सहा पेन्स दंड.
भरला.
त्यातलं किती कुणाच्या टक्क्यात गेलं,
मला हिशेब येत नाही.

खिळा आहे अजून.
सध्या त्यावर तिसऱ्याची लंगोटी वाळते.